आमचे नसल्याचा दाखला

गाडी दोन ब्लॉक अलीकडेच लावायची, हे दीपाने हर्नडनच्या घरातून निघतानाच ठरवलं होतं. स्वतःचा फोन तिने बंद करून गाडीच्या कप्प्यात टाकला आणि वडिलांनाही टाकायला लावला. अमेरिकन सरकारची गोपनीय कामं करणाऱ्या कंपनीत नोकरी, त्यासाठी मुश्किलीने मिळालेला सिक्युरिटी क्लिअरन्स, आणि चालली होती पाकिस्तानच्या वकिलातीत. ऑफिसला तिने आधीच लेखी कळवलं होतं.

"विचारतील तेवढंच बोला, बाबा. जास्त एक्सप्लेन करू नका."

एकनाथरावांनी मान हलवली. चौऱ्याऐंशी वर्षांत विचारलं तेवढंच बोलणं त्यांना एकदाही जमलं नव्हतं.

काम म्हटलं तर साधं होतं. नागपूरला त्यांची मोठी बहीण नीलाआक्का अंथरुणाला खिळली होती आणि ती जायच्या आत त्यांना तिला भेटायचं होतं. पण अमेरिकन पासपोर्टवर जन्मस्थान छापलेलं: पाकिस्तान. ते कराचीत जन्मले तेव्हा तो देश अजून जन्माला यायचा होता, पण हे कोणत्या रकान्यात लिहिणार? जुना भारतीय पासपोर्ट बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हाच गेला. म्हणून व्हिसासाठी आपल्या भारतीय वकिलातीने एक कागद मागितला होता. हा माणूस कधीच पाकिस्तानचा नागरिक नव्हता, असं पाकिस्ताननेच लिहून दिलेला. ज्यांच्या शब्दावर आपण कधी विश्वास ठेवत नाही, त्यांचाच शब्द आणायचा होता.

काचेमागचा अधिकारी पन्नाशीचा होता. त्याने अर्ज वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. लोक इथे आपण पाकिस्तानी आहोत हे सिद्ध करायला येतात, असं तो उर्दूत म्हणाला. तुम्हाला उलटं कशाला हवंय? उत्तर दीपाने दिलं, इंग्रजीत, दोन वाक्यांत. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती कुठे काम करते ते विचारलं. "आयटी," ती म्हणाली. त्याने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते काचेतून दिसत नव्हतं.

मग त्याने एकनाथरावांना विचारलं, कराचीत कुठे राहायचात?

झालं. बंदर रोडच्या मागची गल्ली, दुमजली पिवळं घर, खाली शिंप्याचं दुकान, कोपऱ्यावर घोड्यांना पाणी पाजायचं दगडी कुंड. दीपाने त्यांच्या पायावर पाय दिला, तरी शिंप्याच्या यंत्राचा आवाज सांगून झाल्यावरच ते थांबले. आपण त्यांचे नव्हतो हे सिद्ध करायला आलेला हा माणूस तिथलं दारन्‌दार सांगत होता.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "सहा वर्षांचे असताना सोडलंत म्हणता. एवढं आठवतं?"

उत्तराची वाट न पाहता पासपोर्ट घेऊन तो आत गेला. पाच मिनिटं झाली, वीस झाली. दीपा छतावरच्या कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी तिकडेच बघत होती.

तो परत आला तेव्हा हातात सही-शिक्क्याचा कागद होता. काचेखालून कागद सरकवताना त्याने आवाज हळू केला.

"ते कुंड अजून आहे. एक कोपरा उडालाय. माझी खाला, आईची बहीण, त्याच गल्लीत राहते, पुढच्या महिन्यात मी जाणार आहे. नंबर द्या, फोटो पाठवतो."

नंबर सांगायला एकनाथरावांनी तोंड उघडलं होतं. "नो, थँक यू," दीपा म्हणाली. त्याने खांदे उडवले आणि पुढचा नंबर पुकारला.

गाडीपर्यंत ती जवळजवळ पळतच आली. वडील मागून आपल्या चालीने आले. दार लावल्यावर तिने मोठा श्वास घेतला.

"फोन नंबर काढायचा होता त्याला, बाबा. दे आर ट्रेन्ड फॉर धिस. तुम्ही कुंड म्हणालात, तो म्हणाला अजून आहे. एवढं तर कुणीही म्हणेल."

एकनाथराव कागदाची घडी घालत होते.

"कोपरा उडाल्याचं मी सांगितलं नव्हतं."

दीपाचा हात स्टिअरिंगवरच राहिला. निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढवताना आक्काच्या हातून वरवंटा निसटला आणि कुंडाचा कोपरा घेऊन खाली पडला, असं त्यांनी सांगितलं. आई तिला बंदर येईपर्यंत बोलत होती. आक्का तेव्हा अकरा वर्षांची. दीपाने हे आजवर कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी कागद खिशात ठेवला आणि वरून हात दाबून पाहिला.

"आक्काला सांगतो," ते म्हणाले. "अजून कुणी दुरुस्त केलेला नाही."