तोंडपाठ माप

शर्टाचं तिसरं बटण आपल्या हातचं नाही, हे टेलरबाईने बघताक्षणी ओळखलं. तिचे टाके समांतर असायचे. इथे फुली होती. बावीस वर्षांत नवऱ्याच्या कपड्याला दुसऱ्या कुणाची सुई लागली नव्हती.

"बटण कुणी लावलं हो?"

"ऑफिसात एकाने."

"ऑफिसात सुईदोरा असतो?"

"हल्ली सगळं असतं," म्हणत तो उठलाच.

गिऱ्हाइकाला टेप लावली की तिला आतलं कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं घरात वाजलंय, कोण झुरतंय. नवऱ्याला मात्र ती टेप लावतच नसे. त्याचं माप तिला तोंडपाठ होतं.

मग एकेक दिसू लागलं. हल्ली आपले कपडे तो आपणच धुऊन, इस्त्री करून कपाटात कुलूपबंद ठेवायचा. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, तोही नवाकोरा. ताट वाढलं की "बाहेर खाऊन आलोय." झोपायचाही बाहेरच्या खोलीत, म्हणे, तू घोरतेस.

"बावीस वर्षं ऐकू नाही आलं वाटतं?" धाकटी बहीण फोनवर फणकारली. "ताई, सगळ्या जगाची मापं काढतेस, आणि घरातला माणूस सुटला बघ हातातून. जा त्याच्या मागे."

गुरुवारी दुपारी ती गेली. ऑफिसातून निघून, दोन गल्ल्या ओलांडून तो एका दुकानात शिरला. पाटी वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेडीज टेलर! म्हणजे हीसुद्धा शिवणारीच. आतला पडदा सर्रकन ओढला गेला.

वीस मिनिटांनी तो हसत बाहेर पडला, आणि ती आत घुसली.

मशीनवर तिशीची एक बाई होती. "या ना. काय शिवायचंय?"

"माझा नवरा काय शिवून घेतो तुमच्याकडे?"

बाईचा पायडलवरचा पाय थांबला. मांडीवरची पँट तिने आधी लपवू पाहिली, मग सोडून दिली.

"कंबर आत घेतेय," ती हळूच म्हणाली. "चौथ्यांदा. मी म्हटलं होतं त्यांना, बायकोला भलताच संशय येईल. तर म्हणाले, येऊ दे. चिडली की ती रडत नाही. चारच महिने निभवायचेत. डॉक्टरांनी तेवढेच सांगितलेत."