अंगठा

गंगापूरकडच्या त्या गावात रूप पालटणारी कुणीतरी राहते, अशी कुजबुज होती. "रूप पालटलं तरी अंगठा जुळायचा नाय. सापडली की ठेचा तिला," असं म्हणत सरपंच नानासाहेबांनी साऱ्या बायकांना रेशनच्या मशीनपुढं उभं केलं.

सोळा वर्षांची करुणा रांगेत उभी होती. आधारला दिलेल्या अंगठ्याची रेष न् रेष तिनं पाठ केली होती.

तिच्या पुढच्या बायकांपैकी एकीचाही अंगठा जुळेना. "सारा जलम कापूस येचण्यात गेला, रेषा राहतील कुठं!" पुढं उभी असलेली कडूबाई हसली.

करुणाचा अंगठा पहिल्याच वेळी जुळला. तिनं श्वास सोडला.



कडूबाईचं हसू थांबलं. "पोरी, तू बी आमच्यासंगंच येचतीस ना? मग तुझ्या रेषा शाबूत कशा गं?"