मशेरीची डबी

कॅन्सरनं डावा स्तन गेल्यापासून अंजना पदर मुठीत धरूनच वावरायची. आज सासूबाई तिला पहिल्या एसटीनं वेल्ह्याहून पुण्याला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन आल्या. "पोटाची चरबी काढून छातीत भरत्यात म्हनं. हिच्या अंगावर कुठं हाय? माझी घ्या, लई हाय. त्यापायी मी सकाळधरनं उपाशी बसलीया!" "आजी, चरबी तिचीच लागते. थोडी विरते, पुन्हा भरावी लागेल," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण तंबाखू बंद, नाहीतर भरलेली चरबी जगायची नाही." "म्या तंबाखू खात न्हाई," अंजना म्हणाली. "आणि मशेरी?" अंजनानं मान खाली घातली. रोज सकाळी दोघी एकाच डबीतली मशेरी दातांना लावायच्या. सासूबाईंनी कमरेची डबी काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. "आत्याबाई, तुमी कशापायी सोडताय?" "चरबी न्हाई चालली माझी. येवढं तरी घे!" अंजना खळखळून हसली, मुठीतून सुटलेला पदर तिनं सावरलाच नाही.