कोबीचा वास

कोकिळाबाई गेल्याचं कळलं तेव्हा पंडितराव पोखर्णीजवळ रस्त्याच्या कडेला बंद गाडीत बसले होते. रेस पूर्ण दाबूनही गाडी वीसच्या वर जात नव्हती. नंतर ती थांबलीच. परभणीच्या दवाखान्यातून पंकजाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. आई गेली, एवढंच तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, "आई सारखी दाराकडं बघायली होती, अण्णा. कुठं राहिलात तुमी?"

गाडी बिघडली, ते म्हणाले. आजच बिघडली.

तेरावं झाल्यावर ते गाडी दाखवत फिरू लागले. थंड झाली की ती चालू व्हायची आणि दोन-चार किलोमीटर गेलं की दम सोडायची. पहिल्या मिस्त्रीनं फिल्टर बदलला. दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्यानं लॅपटॉप जोडून स्टिअरिंगपुढचा इंजिनाचा पिवळा दिवा विझवला आणि आता काही बघायचं राहिलं नाही म्हणाला. दिवा संध्याकाळी परत लागला. पंडितरावांना गाडी नीट होण्याची घाई नव्हती. त्या दिवशी ती का थांबली, एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. ते कुणीच सांगत नव्हतं.

चौथा मिस्त्री बजरंग. गंगाखेड रोडला त्याचं पत्र्याचं शेड. त्यानं काहीही बदललं नाही. गाडी चालू ठेवून तो खाली घुसला आणि तापमान मोजायचं यंत्र सायलेन्सरच्या नळीवर दोन ठिकाणी धरलं. पुढं आग होती आणि मागं नळी नुसती कोमट. बाहेर येऊन त्यानं इंजिनाजवळचा एक सेन्सर पान्यानं काढला.

"द्या रेस, काका."

पंडितरावांनी पाय ठेवला. इंजिन एकदम मोकळं झालं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं एवढं जोरात वर आलं. त्यांनी पाय काढलाच नाही. बजरंगला खिडकीतून हात घालून चावी फिरवावी लागली.

मग त्यानं समजावून सांगितलं. सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा एक डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती बसली की धूर अडतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सेन्सर काढल्यावर धुराला भोक मिळालं, म्हणून गाडी आता पळाली. त्यानं त्याच भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि मोबाइल पंडितरावांपुढं धरला. पोळं कुठंच नव्हतं. करपलेल्या गुळासारखा काळा गोळा दिसत होता.

"त्या दिवशीच बसली असंल," पंडितराव म्हणाले. "एकाएकी."

"एकाएकी न्हाई होत हे. एक प्लग नीट पेटत न्हाई तुमचा. कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन जळतंय. जाळी हळूहळू वितळत जाती. पाच-सहा महिन्याचं काम हाय." बजरंगनं हात पुसले. "सडक्या अंड्यावानी वास येत होता का गाडीत?"

"न्हाई."

दुसऱ्या मिस्त्रीनंही हेच विचारलं होतं. तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

बजरंगचं लक्ष त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेलं. तो हसला. "मी बी कुणाला विचारायलोय. तुमाला अंड्याचा वास काय म्हाईत. कोबी सडल्यावर येतो, तसा?"



बैलपोळ्याच्या बाजारातून येताना कोकिळाबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, गाडीत कुठंतरी कोबी सडलाय. पंडितरावांनी सीटखाली पाहिलं, पायपुसणी उचलून झटकली. कोबीचं पान सापडलं नाही. दसऱ्याला त्या परत तेच म्हणाल्या. दिवाळीला परभणीपर्यंत नाकाला पदर लावून बसल्या. नाक हाय का पोलीस चौकी, असं पंडितरावांनी तेव्हा विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोगऱ्याच्या वासाची डबी आणून आरशाला टांगली. आता तरी गप बस, म्हणाले. त्या गप्प बसल्या. वासाचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

"येत होता," पंडितराव म्हणाले. "मला न्हाई. घरच्यांना."

"मग तवाच आणायची की गाडी. निस्ता प्लग बदलून भागलं असतं." बजरंग सेन्सर परत बसवू लागला. "त्यांना सांगा, स्कॅनरपेक्षा त्यांचं नाक भारी हाय."

नवा डबा मागवावा लागणार होता. चार दिवस तरी लागतील, बजरंग म्हणाला. नाहीतर हाच डबा उघडून जाळी फोडून टाकता येईल, बरेच लोक तसं करतात, गाडी पळते. पंडितरावांनी नवा मागवायला सांगितलं. तोपर्यंत गाडी इथंच राहू दे, म्हणाले. पिशवी घ्यायला ते गाडीत वाकले आणि आरशाची मोगऱ्याची डबी ओढून काढली. दोरी तुटली. डबी कधीच कोरडी पडली होती.

खिशात फोन वाजला. पंकजा होती. तिनं विचारलं, सापडलं का काही. त्यांनी सांगितलं, सापडलं.

"त्या दिवशीच झालं ना ते, अण्णा?"

बजरंगनं दुसऱ्या एका गाडीचं इंजिन चालू केलं होतं. इथं आवाज लय हाय, पंडितराव म्हणाले, घरी जाऊन फोन करतो.

तो फोन त्यांनी अजून केलेला नाही.