पुन्हा उघडलेलं डिफरन्शियल

टिटवाळ्याच्या आमच्या गॅरेजात टेम्पो आला की पप्पा चालवून बघायचे, मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलची घरघर ऐकून कुठल्या गिअरचा दात झिजलाय ते सांगायचे. आता त्यांना ऐकू येत नाही, गॅरेज मी चालवते. परवा सकाळी भाजीवाल्याच्या टेम्पोचं डिफरन्शियल खोलून दुरुस्त केलं आणि आंबिवलीपर्यंत चक्कर मारली. पप्पा मागे हौद्यात, पत्र्याची थरथर जोखत तळहात टेकवून बसले. मला घरघर ऐकू आली नाही. पण उतरल्यावर ते म्हणाले, "फार घट्ट बसलंय. पुन्हा उघड." मी ते पुन्हा खोललं. दुपारभर आम्ही माझ्या लहानपणी बसायचो तसे जमिनीवर मांडी घालून, तेलकट हातांनी एकेक दात चाचपत बसलो. काहीही न बदलता मी सगळं परत बसवलं. ते हसले. "सकाळीच बरोबर होतं," म्हणाले. "मग का उघडायला लावलं?" मी खुणेने विचारलं. "हल्ली तू सगळं एकटीच करतेस गं."