चढावरची जोडणी

धरणाच्या जलाशयाभोवतीच्या खडीच्या वाटेवर सायकल चालवताना वासंतीला धाप लागली, तसे पुढे चाललेले तिचे यजमान मुकुंदराव हसले. "अगं, माझे पाय तुला ओढताहेत, तरी एवढा दम?"

दोघांच्या सायकलींमधली जोडणी एकाच्या पेडलची शक्ती हवेतून दुसऱ्याच्या चाकाला पोहोचवत असे. थोडी वाटेत वाया जाई. डॉक्टरांनी मुकुंदरावांना हृदयाला जपायला सांगितले आणि त्यांनी ते हसण्यावारी नेले, त्याच आठवड्यात वासंतीने जोडणीची दिशा गुपचूप उलटी केली होती. आता वाया जाणारी शक्तीही तिचीच होती. वाहनांना बंदी असलेल्या त्या निवांत वाटेवरही तिचे लक्ष पाण्याकडे जात नसे. ते मुकुंदरावांच्या हँडलवरच्या, जोडणी चालू-बंद करणाऱ्या बटणावर खिळलेले असे.

शेवटच्या चढाशी त्यांचा अंगठा नेमका तिथेच गेला. "तुझी सवय मोडायला हवी. इथून पुढे तुझी तू."

"अहो, नको!"

पण बटण दाबले गेले होते. वासंतीची सायकल एकाएकी इतकी हलकी झाली, की ती त्यांना मागे टाकून सरळ वर गेली. तिने करकचून ब्रेक दाबला आणि वळून पाहिले. मुकुंदराव खडीवर पाय टेकून धापा टाकत उभे होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"डॉक्टरांना वेड्यात काढलंत, तेव्हापासून."

मग त्यांनी स्वतःच बटण पुन्हा दाबले.

"हळू चालव," ते म्हणाले. "दमशील."