पुढे ओढलेली सीट

गॅरेजवाला म्हणाला, "काका, हिचं इंजिन उघडण्यात अर्थ नाही. विका, नवी घ्या. गिऱ्हाईकही आणलंय." गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं होतं. बाई स्टीअरिंगसमोर बसल्या आणि हसल्या, "अहो, सीट सरकवायलाच नको. माझ्याच मापाची आहे!" माप माझ्या ठेंगण्या बायकोचं होतं. ती गेल्यापासून मी गुडघे आपटत चालवतो, पण सीट मागे घेत नाही. नवरा खिडकीत वाकून म्हणाला, "शोभताय हं, ड्रायव्हरसाहेब!" बाई लाजल्या. त्याला चिडवायला आपलं माणूस होतं, हे मला बघवेना. "उतरा," मी म्हणालो, "गाडी विकायची नाही." जोडपं निघून गेलं. गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला. "आता काय करू?" "इंजिन उघड. पण काम करताना सीट…" "काका, इकडे बघा." त्याने सीटखालच्या पट्टीवरची खडूची खूण दाखवली. "दर वेळी परत इथेच आणून ठेवतो."